पाठदुखीवाल्यांनी गाडी घेताना आधी सीट बघा, मग टायर, बाकी सगळं नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पाठदुखी असणाऱ्यांनी कुठली गाडी घ्यावी यावर लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहायला बसलोय. माझी कमरेतल्या एल४-एल५ मणक्यांमधली गादी सरकून आता अकरा वर्षं झाली त्यामुळे सलग बसवत नाही, वीस मिनिटं लिहितो, उठतो, घरातल्या घरात चालतो आणि परत येतो, तेव्हा कुठे सलगपणा तुटला असेल तर समजून घ्या.

लेखाचा एकूण सूर असा की उंच एसयूव्ही घ्या, मोठी चाकं बघा, मऊ गुबगुबीत सीट बघा, की झालं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार यात शंका नाही. पण या तिन्ही गोष्टींच्या मागे लागून मी वर्षानुवर्षं त्रास काढलाय. ज्याची पाठ ठणठणीत आहे त्याला काही फरक पडत नाही, तो कशातही बसेल, पण कोणीतरी कंबर धरून तो लेख वाचत असेल आणि कर्ज काढून गाडी घेणार असेल तर पुढची पाच-सात वर्षं त्याला त्याच सीटवर बसायचंय. त्याच्यासाठी लिहितोय. पत्र लांबलंय हे कळतंय, कापायचंच असेल तर माझी कहाणी कापा पण सीटचा आणि टायरचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आधीची गाडी घेताना मी टॉप मॉडेल घेतलं होतं. १८ इंची अलॉय, सनरूफ, मोठी स्क्रीन, सगळं. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमच्या बाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटं, त्यात गाडी कशी लोण्यासारखी चालली, आणि तेवढ्यावर मी सही केली. पहिल्याच महिन्यात दोन तासांचा प्रवास झाला. पोचल्यावर दार उघडलं, डावा पाय खाली ठेवला, आणि तो पाय माझा नाहीच असं वाटलं, कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरच्या बाजूने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या आणि मध्येच विजेसारखी कळ. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून तसाच अर्धा वाकलेला उभा राहिलो. बायको डिकीतून बॅगा काढत होती ती तिथेच टाकून आली, काही बोलली नाही, नुसता माझ्या कमरेवर तळहात ठेवून उभी राहिली. पाच-सात मिनिटांनी मी सरळ झालो. त्यानंतर किती महिने मी हेच धरून चाललो होतो की माझी पाठ बिघडत चाललीये.

मग एकदा मेव्हण्याची गाडी चालवायचा योग आला. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच वर्ष, फक्त त्याचं सगळ्यात खालचं व्हेरिएंट. रोजच्याच रस्त्याने गेलो, रोजचेच खड्डे, रोजचाच तो एक दुष्ट स्पीडब्रेकर जिथे मी दर वेळेला आधीच दात आवळून घ्यायचो. आणि त्या गाडीत तो दणका आलाच नाही. आला पण गोल होऊन आला, ठक करून न येता धप्प करून. घरी आल्यावर मुलाला म्हटलं, मला वाकवत नाही, तू दोन्ही गाड्यांच्या टायरवरचे आकडे वाच बघू. त्याने वाचले, मेव्हण्याची १९५/६५ आर १५, आमची २२५/४० आर १८.

हे आकडे काय सांगतात ते सांगतो कारण गाडी घेणाऱ्या दहातल्या आठ जणांना ते माहीत नसतं आणि शोरूममध्ये कोणी सांगत नाही. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या बाजूची भिंत उंच आहे तो. शेवटचा म्हणजे आतली रिम किती इंची. आता हिशोब करा, १९५ चे ६५ टक्के म्हणजे जवळपास १२७ मिलिमीटर रबर आणि हवा रिमच्या खाली, आणि २२५ चे ४० टक्के म्हणजे ९०. बाहेरून दोन्ही चाकांची उंची जवळजवळ सारखीच, पण माझ्या गाडीत रस्ता आणि लोखंड यांच्यामधली उशी ३७ मिलिमीटरने पातळ. खड्ड्याची धार आली की आधी टायरची भिंत दबते, मग स्प्रिंग, मग सीटचा फोम, मग आपण. पहिली पायरीच अर्धीमुर्धी कापून टाकली तर पुढच्यांनी काय करायचं. त्यात मोठं चाक वजनालाही जास्त असतं आणि जड चाक खड्ड्यातून वरखाली होताना सस्पेन्शनला आवरत नाही, तो धक्का वर बॉडीत येतोच.

म्हणून पाठदुखीवाल्याला माझं पहिलं सांगणं हेच की तुम्हाला जे मॉडेल आवडलंय त्यात कंपनी ज्या ज्या मापाची चाकं देते त्यातलं सगळ्यात छोट्या रिमचं व्हेरिएंट बघा. दिसायला ते साधं दिसतं, लोखंडी रिमवर प्लॅस्टिकची टोपी असते, शेजारी विचारतात टॉप का नाही घेतलं, विचारू दे. आणि रन-फ्लॅट टायर असलेली गाडी असेल तर अजून जपून, त्या टायरची भिंत हवा गेल्यावरही गाडीचं वजन पेलायला हवी म्हणून मुद्दाम कडक केलेली असते. मी पुढे त्याच गाडीला कंपनीने मान्य केलेल्या मापाची छोटी चाकं बसवून घेतली. दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये मापं लिहिलेली असतात त्याच्या बाहेर जाऊ नका, ब्रेकला जागा पुरायला हवी आणि टायरची भार पेलायची क्षमताही कमी पडून चालत नाही. हवेचं पण तसंच, बरेच जण पंपावर सांगतात भर चाळीस, मायलेज मिळेल म्हणून. दारावरच्या स्टिकरवर साध्या भाराला वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीला वेगळा आकडा असतो, एकटेदुकटे फिरताना भरलेल्या गाडीची हवा ठेवली तर टायर दगड होतो. सकाळी गाडी थंड असताना मोजायची. कमी पण करायची नाही स्टिकरपेक्षा, मऊ वाटावं म्हणून हवा कमी करणं धोक्याचं आहे, टायर तापून फुटू शकतो.

आता हे धक्के पाठीला का लागतात. माणूस बसलेला असताना त्याच्या धडाची आणि कण्याची स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा वरखाली अशी. त्या लयीचा हादरा खालून आला की झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकलल्यासारखं होतं, शरीर सीटपेक्षाही जास्त हलतं. हादरे मोजायचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २६३१, त्यात उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा होणाऱ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त महत्त्व दिलंय ते त्यामुळेच. चांगली गाडी बनवणारे स्प्रिंग असे निवडतात की बॉडी सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली व्हावी, म्हणजे चालताना आपलं शरीर जितकं होतं त्याच्या आसपास किंवा थोडं हळूच, आणि ती लय शरीराला सोसते. स्प्रिंग कडक होत गेली, टायर पातळ होत गेला की हादरे नको त्या पट्ट्याकडे सरकतात. युरोपात तर कामावर गाडी-यंत्र चालवणाऱ्यांसाठी २००२ पासून याचा कायदा आहे, आठ तासांच्या हिशोबाने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गच्या वर हादरे गेले की मालकाने काहीतरी करायलाच हवं आणि १.१५ च्या वर जाऊच द्यायचे नाहीत. ट्रॅक्टर आणि डंपरवाल्यांसाठी एवढा विचार झालाय, आणि आपण स्वतःच्या पैशाने गाडी घेताना रंगावर अडतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण छोटी चाकं लावून माझा त्रास निम्माच गेला. दणके गेले, ठणका राहिला. तासाभराने कमरेत जो हळूहळू चढत जाणारा ठणका असतो ना, तो रस्त्याचा नसतो, तो सीटचा असतो, आणि हे मला माझ्या फिजिओथेरपिस्टबाईंनी गाडीत शेजारी बसून दाखवलं. त्या म्हणाल्या, गुडघे बघा तुमचे, कमरेच्या वर आलेत. खरंच आले होते. गाडीच्या सीटचा मागचा भाग खोल, पुढचा वर, त्यामुळे आपण बादलीत बसल्यासारखे बसतो, पाय पुढे पसरले की मांडीमागच्या शिरा ओढल्या जातात, त्या ओटीपोटाचं हाड मागे फिरवतात, आणि कमरेला जो नैसर्गिक आतला बाक असतो तो सपाट होतो. बाक गेला की गादीवर पुढून दाब आणि मागून ताण, आणि सरकलेली गादी मागेच तर सरकलेली असते. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात गादीत सुई घालून दाब मोजले होते, त्यात दिसलं की पाठ थोडी मागे रेलली आणि कमरेला आधार मिळाला तर गादीवरचा दाब कमी होतो. म्हणजे काटकोनात ताठ बसायचं ही आपली शाळेतली सवय गाडीत उपयोगाची नाही, पाठ थोडी मागे, शंभर ते एकशेदहा अंश, आणि पँटचा पट्टा बांधतो तिथे मागून भरीव आधार.

तर सीटमध्ये बघायचं काय. मी आता कुठल्याही गाडीत बसलो की आधी सीट पूर्ण खाली-वर, पुढे-मागे करून बघतो. सीटची उंची आणि बैठकीचा कल, दोन्ही वेगवेगळे बदलता यायला हवेत. कल बदलला की मांडीला आधार मिळतो आणि गुडघे कमरेच्या खाली ठेवता येतात, आणि हेच नेमकं बऱ्याच गाड्यांत नसतं. बैठकीची लांबी अशी हवी की गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं राहतील, त्याहून आखूड असेल तर मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार बसायच्या दोन हाडांवर. लंबर सपोर्ट, म्हणजे सीटच्या पाठीतला कमरेचा आधार, नुसता पुढे-मागे होणारा असेल तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी कमरेला जुळतो, तुमच्या नाही. वर-खाली पण होणारा हवा. माझी बायको माझ्यापेक्षा बरीच बुटकी आहे, मला जिथे आधार बसतो तिथे तिला बरगडीत टोचतं.

मऊ सीटबद्दल तर मला हात जोडून सांगावंसं वाटतं. शोरूममध्ये मऊ सीट पाच मिनिटं स्वर्ग असते. तासाने माणूस त्यात रुतलेला असतो, कुल्ले खाली गेलेले, कंबर गोल झालेली, कुशीवर वळायला जागा नाही. घट्ट भरलेली सीट सुरुवातीला जरा कोरडी वाटते पण दोन तासांनी उठताना कळतं तिचं मोल. जर्मनीत एजीआर म्हणून पाठीच्या आरोग्याचं काम करणारी संस्था आहे, ती सीट तपासून शिक्का देते, काही कंपन्या तो मिळवतात. तुम्ही बघताय त्या गाडीला असेल तर चांगलंच, नसेल तरी बिघडत नाही, शेवटी परीक्षा आपल्याच कमरेने घ्यायचीये.

अजून एक गोष्ट सहसा कोणी बघत नाही, पेडल. काही गाड्यांत चाकाच्या जागेमुळे पेडल सीटच्या मधोमध नसून एका बाजूला सरकवलेले असतात. बसल्यावर डोळे मिटून पाय सरळ ठेवा आणि मग बघा ते कुठे पडतात, स्टिअरिंगचा मधला भाग तुमच्या छातीच्या बरोबर समोर आहे का. नसेल तर तुम्ही तास न् तास कमरेत किंचित पिळलेले बसणार. स्टिअरिंग वर-खाली तर होतंच हल्ली, जवळ-लांब पण व्हायला हवं, नाहीतर हात पोचावा म्हणून पाठ सोडून पुढे झुकावं लागतं आणि मग लंबर सपोर्ट मागे एकटाच. फक्त छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात २५ सेंटीमीटर तरी अंतर ठेवा, एअरबॅगसाठी. डाव्या पायाला टेकायला डेड पेडल हवं. ज्याचा डावा पाय सायटिकाने दुखतो त्याने क्लचची गाडी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, ट्रॅफिकमध्ये शंभर वेळा क्लच दाबणं म्हणजे शंभर वेळा ती नस ताणणं. आणि मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा हो, एका कुल्ल्याखाली दोन सेंटीमीटरचा ठोकळा ठेवून तासभर बसलात तर कुठलीही सीट काय करणार.

आता एसयूव्हीबद्दल. उंच गाडीत चढ-उतर सोपी हे अर्धं खरं आहे. खरं हे की सीट अशा उंचीवर हवी की कुल्ले सरळ आत सरकतील, खाली जाऊन बसावं लागू नये आणि वर चढावंही लागू नये. मी घरातली ज्या खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं ती मोजली, थोडं वर थोडं खाली करून बघितलं, आणि इंचटेप घेऊन शोरूममध्ये गेलो. मला जमिनीपासून ५८ ते ६५ सेंटीमीटर बरं पडतं. काही मोठ्या एसयूव्हींमध्ये सीट त्याच्या बरीच वर, मग एक पाय पायरीवर, दुसरा हवेत, अंग वळलेलं, आणि नेमकी त्याच क्षणी कळ येते. दाराखालचा उंबरठा किती रुंद आहे तेही बघा, रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो. बसायची पद्धत म्हणजे आधी पाठमोरं होऊन बसायचं, मग दोन्ही पाय जोडीने आत. माझ्या वाईट दिवसांत सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवायचो म्हणजे अंग सहज फिरतं, फक्त बसल्यावर ती काढून घ्यायची, तिच्यावर बसून चालवायचं नाही, ब्रेक लागला तर माणूस पट्ट्याखालून घसरतो.

चालताना मात्र उंच गाडीचा प्रश्न वेगळाच. उंच गाडी वळणावर कलू नये म्हणून तिचा अँटी-रोल बार बहुतेक वेळा कडक ठेवतात, तो डाव्या-उजव्या चाकांना जोडतो, मग एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की सगळी गाडी बाजूला झटका देते आणि उंचावर बसल्यामुळे डोकं आणि खांदे डावी-उजवीकडे फेकले जातात. ज्याला मान आणि कंबर दोन्ही आहे त्याला हे सरळ दणक्यापेक्षा जास्त लागतं. सात सीटच्या मोठ्या गाडीचं अजून एक, तिच्या मागच्या स्प्रिंगा सात माणसं आणि सामान धरून केलेल्या असतात, आपण एकटे किंवा दोघे चाललो की त्या दबतच नाहीत आणि गाडी टणटण उडते. सगळ्याच एसयूव्ही वाईट असं मी म्हणत नाही, काही खूप छान आहेत, फक्त उंची म्हणजे आराम हे समीकरण चुकीचं आहे.

पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, लांब असेल तर गाडी पुढे-मागे कमी डुलते. याचा विचार फार जुना आहे, १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने मोठ्या गाडीवर पुढे-मागे वजनं सरकवून स्वतः बसून बघितलं, आणि त्यातून निघालं की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या तर उंचवट्यावरून गेल्यावर गाडीचं डुलणं लवकर थांबतं. नंतर १९५५ ला सित्रोएनने डीएस गाडी आणली, तिच्यात स्प्रिंगच्या जागी तेल आणि नायट्रोजनचे गोळे होते, आरामाच्या बाबतीत आजही तिचं नाव काढतात. म्हणजे आराम कसा द्यायचा हे गाडी बनवणाऱ्यांना जवळजवळ नव्वद वर्षांपासून ठाऊक आहे. आपण मागत नाही, आपण मोठी चाकं मागतो, म्हणून ते मोठी चाकं देतात.

मऊ सस्पेन्शन म्हणजे सगळं आलं असंही नाही बरं का. फारच मऊ गाडी नावेसारखी डुलत राहते आणि ते डोलणं आवरायला पाठीचे स्नायू न कळत सतत काम करतात, संध्याकाळी पाठ भरून येते. उंचवट्यावरून गेल्यावर गाडी एकदा वर, एकदा खाली आणि गप्प, असं हवं. तीन-चार हेलकावे खाल्ले तर जुन्या गाडीत शॉकअप गेलेत असं समजा, सेकंडहँड घेणाऱ्याने हे नक्की बघावं, शॉकअप इतके हळूहळू मरतात की मालकाला सवय झालेली असते.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझी आई, वय पंचाहत्तरच्या पुढे, हाडं ठिसूळ झालेली हे आम्हाला माहीत होतं. नातेवाइकांकडे जाताना भाड्याची सात सीटची गाडी केली आणि माणसं जास्त म्हणून आई स्वतःहून म्हणाली मी मागे बसते. सगळ्यात मागची सीट ही मागच्या चाकांच्या बरोबर वर असते, गाडीत सगळ्यात जास्त उडणारी जागा तीच, सगळ्यात शांत जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. एक न दिसलेला स्पीडब्रेकर आला, ड्रायव्हरचा वेग होता, आम्ही पुढचे थोडे उडालो, मागून आईचा फक्त 'आई गं' एवढा आवाज आला. मागे वळून बघितलं तर तिने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरलेली होती आणि म्हणत होती काही नाही रे, चला. तीन दिवसांनी एक्स-रेमध्ये मणका दबलेला निघाला. ती आता बरी आहे, पट्टा लावून चालते, पण जवळजवळ चार महिने ती कुशीवर वळू शकत नव्हती. हाडं ठिसूळ असलेल्या माणसाला मागच्या सीटवर, चाकाच्या वर, कधीही बसवू नका. पुढची सीट द्या किंवा दुसऱ्या रांगेत बसवा, आणि स्पीडब्रेकरवर गाडी अगदी रांगत न्या. आपण उशीर झाला म्हणून ज्या वेगाने नेतो तो वेग तरुण कण्यासाठी असतो.

इलेक्ट्रिक गाडीचं थोडक्यात. इंजिनची थरथर नाही, गिअरचा झटका नाही, हे खरंच सुख आहे. पण बॅटरीच्या वजनाला स्प्रिंगा कडक लागतात, आणि बॅटरी पायाखाली असल्याने बऱ्याच गाड्यांत मागची फरशी वर आलेली असते, गुडघे पोटाशी येतात. मागे बसणारा पाठदुखीचा असेल तर त्याला घेऊन जा आणि मागेच बसवून बघा.

टेस्ट ड्राइव्हला निदान तासभर मागा. नाही म्हणाले तर तेच मॉडेल एक दिवस भाड्याने घ्या, गाडीच्या किमतीच्या मानाने ते भाडं काहीच नाही. सकाळी पाठ ताजी असताना जाऊ नका, संध्याकाळी, पाठ थकलेली असताना जा. रोजच्या वाईट रस्त्यावरून, वीस-तीसच्या वेगाने चालवा, कारण कडक गाडी ऐंशीला बरी वाटते आणि वीसला तिचं खरं रूप दिसतं. रेडिओ बंद. एसी लावा, खिडक्या बंद, आणि खड्ड्यात आवाज कसा येतो ऐका. मग उतरा, आणि गाडीबद्दल मत बनवायच्या आधी दहा पावलं चाला. पाय जड आहे का, कंबर सरळ व्हायला किती वेळ लागला, तेवढंच बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना परत एकदा. त्याआधी बुकिंगचे पैसे भरू नका, कितीही ऑफर संपत असली तरी.

गाडी कितीही चांगली घेतली तरी तासाभराने थांबून पाच मिनिटं चालायला लागतंच. आणि पोचल्या पोचल्या डिकीतून जड बॅग उचलू नका, हादरे खाऊन स्नायू दमलेले असतात, माझी दुसऱ्यांदा उसण भरली ती नेमकी तशीच. पाठदुखीबरोबर जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर मात्र गाडीबिडी विसरा आणि त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

संपादक साहेब, माझी मागणी एवढीच आहे. तुमच्याकडे दर आठवड्याला नव्या गाडीचं परीक्षण येतं, त्यात स्क्रीन किती इंची, शून्य ते शंभर किती सेकंदात, हे सगळं असतं. त्यात चार ओळी वाढवा. प्रत्येक व्हेरिएंटचं टायरचं माप, सीटची जमिनीपासून उंची, लंबर सपोर्ट वर-खाली होतो का आणि बैठकीचा कल बदलतो का, आणि वीसच्या वेगाने खराब रस्त्यावर एकटा माणूस असताना गाडी कशी चालते. परीक्षण करणाऱ्याला मागच्या सीटवरही अर्धा तास बसू दे. मी गेल्या वेळेला गाडी शोधताना अकरा गाड्यांची अशी मापं घेऊन वहीत लिहून ठेवलीत, पुरवणीला उपयोगी पडणार असतील तर फोटो काढून पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक